शब्द येतो म्हणजे काय?

एखादा शब्द आपल्याला ‘येतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमका कशाचा दावा करीत असतो? शब्द कानावरून गेलेला असणे, त्याचा प्रतिशब्द सांगता येणे आणि तो योग्य जागी, योग्य अर्थाने वापरता येणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. व्यवहारात मात्र पहिल्या दोहोंच्या बळावर आपण तिसरीचा अधिकार गाजवतो. प्रश्न वरवर भाषाशिक्षणाचा दिसला, तरी आमच्या मते तो नीतीचा आहे. दिलेला शब्द पाळावा असे आपण मानतो. तर मग वापरलेल्या शब्दाच्या अर्थाची हमीही आपणच घ्यावयास हवी.

हैदराबादच्या मराठी माणसाला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. घरात मराठी, बाजारात दखनी, शेजारात तेलुगू आणि कचेरीत इंग्रजी असा त्याचा दिवस जातो. याच शहरात १९१८ साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले आणि त्याच्याच शेजारी इंग्रजीच्या अध्यापनासाठी १९५८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेचे २००७ साली केंद्रीय विद्यापीठ झाले. चार भाषांत वावरणाऱ्याला प्रतिशब्दांचा तोटा नसतो, आणि नेमका तेथेच धोका असतो. कारण प्रतिशब्द सापडला की अर्थ सापडला, असे मन समजून चालते.

‘लाज’ हा आपला साधा शब्द घ्या. पाहुण्यांसमोर न बोलणारे मूल लाजते, परीक्षेत नक्कल करताना पकडलेल्या विद्यार्थ्याला लाज वाटते आणि भर सभेत चपलेचा अंगठा तुटला तर भल्या गृहस्थालाही लाजल्यासारखे होते. इंग्रजीत पहिला ‘शाय’, दुसरा ‘अशेम्ड’ आणि तिसरा ‘एम्बॅरॅस्ड’. पहिला स्वभाव झाला, दुसरी अपराधाची जाणीव आणि तिसरी नुसती अवघडलेली अवस्था. इंग्रजी-मराठी कोशात तिन्हींपुढे ‘लाज’ आढळली आणि त्या भरवशावर आपण त्या मुलाला ‘अशेम्ड’ म्हटले, तर न केलेला अपराध त्याच्या माथी मारतो. येथे व्याकरण बिनचूक असते आणि अन्याय तेवढा घडलेला असतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी विद्यार्थ्यांचे कोश जन्माला आले. बंगालमध्ये शिक्षण खात्यात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी एंडिकॉट यांच्यासह १९३५ साली एक इंग्रजी कोश काढला. त्यात सुमारे २४,००० शब्द व शब्दप्रयोग अवघ्या १,४९० शब्दांत समजावून दिले होते. जपानमध्ये इंग्रजी शिकविणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी गेटनबी व वेकफील्ड या सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला. त्या वेळी ब्रिटन आणि जपान एकमेकांचे शत्रू होते. १९४८ साली तो ऑक्सफर्डने काढला आणि ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ या नावाने जगभर गेला. पुढे १९७८ साली लाँगमनने सुमारे २,००० शब्दांच्या मर्यादेत आपला कोश रचला आणि १९८७ च्या कोबिल्डने अर्थ पूर्ण वाक्यातच सांगण्याची रीत पाडली.

या कोशांचे वैशिष्ट्य त्यांच्या नम्रतेत आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या थोर कोशात ‘जाळे’ या साध्या गोष्टीची व्याख्या तिच्याहून कितीतरी अवघड शब्दांत केली होती. विद्यार्थ्यांचा कोश याच्या उलट, अवघडाकडून सोप्याकडे येतो. शिवाय, ‘इन्फर्मेशन’चे अनेकवचन होत नाही, ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही, असल्या ज्या गोष्टी त्या भाषेत जन्मलेल्याला कोणी सांगाव्या लागत नाहीत, त्या परक्याला तो आवर्जून सांगतो. ज्ञानी माणसाने अज्ञाच्या पायरीवर उतरून त्याला हात द्यावा, हा त्यातला धडा आहे.

हा धडा शासकीय सेवेतल्या माणसाला विशेष लागू पडतो. अर्जदाराला ‘नॉट ॲडमिसिबल’ असे दोन शब्द लिहून पाठविणे सोपे असते. तेच साध्या शब्दांत लिहू गेल्यास ‘ही रक्कम तुम्हाला मिळणार नाही, कारण…’ असे लिहावे लागते आणि त्या ‘कारण’पुढे काहीतरी खरे लिहिणे भाग पडते. भारदस्त शब्द पुष्कळदा कारणाच्या जागी उभा असतो. तो काढून टाकला की कारण आहे किंवा नाही, हे लिहिणाऱ्यालाही दिसते. पतीच्या निवृत्तिवेतनासाठी खेटे घालणाऱ्या बाईला तो शब्द कळत नाही, एवढेच त्यातले दुःख नव्हे. आपल्याला नकार का मिळाला हेच तिला कळत नाही, आणि म्हणून दाद कोठे मागावी हेही कळत नाही.

यावर काही आक्षेप संभवतात. शब्द वाचनाने येतात, कोश पाठ करून नव्हे, हा पहिला. तो आम्हांस मान्य आहे. परंतु वाचताना केलेला तर्क तपासून पाहण्यास कोशच लागतो. सोपे करताना अर्थाची छटा हरवते, हा दुसरा. तीही शक्यता खरी. पण छटा हरवली हे ज्याला सांगता येते, त्याला मूळ अर्थ आधी साध्या शब्दांत कळलेला असतो. आता अर्थ भ्रमणध्वनीवर क्षणात मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला, हा तिसरा. क्षणात मिळतो तो बहुधा प्रतिशब्दच, आणि आपण जेथून निघालो तेथेच परत येतो.

आता स्वभाषेकडे वळू. मोल्सवर्थ यांचा १८३१ सालचा मराठी-इंग्रजी कोश आणि त्याची १८५७ ची वाढविलेली आवृत्ती आजही अभ्यासकांना सोडता येत नाही. इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी कळणे राज्यकारभाराला आवश्यक होते, म्हणून तेव्हा मराठीच्या विद्यार्थ्यासाठी एवढे परिश्रम झाले. आज मराठीचा विद्यार्थी आपल्याच घरात आहे. काचीगुड्यात किंवा सुलतान बाजारात वाढणारे मूल ‘संकोच’ म्हणजे काय असे विचारते, तेव्हा त्याला इंग्रजी प्रतिशब्द देऊन वाटेला लावणे सर्वांत सोयीचे असते. त्याने त्या मुलाचे इंग्रजी वाढत नाही आणि मराठी मात्र एका शब्दाने कमी होते.

म्हणून ज्यांची मराठी पक्की आहे, त्यांनी रोज एक मराठी शब्द त्याहून सोप्या मराठीत समजावून देण्याचा नेम धरावा, असे आम्हांस वाटते. हे काम दिसते तितके सोपे नाही. ‘संकोच’, ‘भीड’ आणि ‘लाज’ यांतला फरक दहा वर्षांच्या मुलाला कळेल असा सांगून पाहावा. म्हणजे शब्द आपल्याला कितपत येतात, हे आपले आपल्यालाच कळेल.