निम्मं लागतं

मारामारीचाही हिशेब ठेवता येतो, आणि तो किराणावाल्याच्या वहीपेक्षा चोख असतो, हे मला ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकावरच्या खेळामुळं कळलं. बेल्जियमच्या लारियन स्टुडिओजनं तो २०२३ साली काढला. त्याचे नियम मात्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ सालच्या अमेरिकन बैठ्या खेळाच्या घराण्यातले. आमचा नातू लढतो आणि मी शेजारी बसून नियम वाचतो. वयोमानाप्रमाणे कामाची वाटणी झाली आहे.

या खेळात इजेचे प्रकार तेरा. कापणं, भोसकणं, ठेचणं हे हत्यारांचे. शिवाय आग, थंडी, वीज, विष वगैरे. एखाद्या प्रकाराला तुमचा प्रतिकार असेल तर इजा निम्मी लागते. त्या बाबतीत तुम्ही नाजूक असाल तर दुप्पट. आणि अभय असेल तर शून्य. हाडांच्या सापळ्याला विष घाला, तो ढिम्म! पोटच नाही, तर बाधा कुठं व्हायची? पण सोटा हाणलात की दुप्पट. टीफ्लिंग नावाच्या शिंगं-शेपटीवाल्या जमातीला आग निम्मी लागते. हा त्यांचा पराक्रम नव्हे, जन्मानंच मिळालेली सोय.

तेरातला एक प्रकार मनाच्या इजेचा. भाटाला चक्क टोमण्याचा मंत्र येतो. तो शत्रूला झोंबेलसं बोलतो, चार बाजूंचा फासा पडतो आणि शत्रूचे एक ते चार गुण जातात. साध्या तलवारीचा फासा आठ बाजूंचा. टोमणा तलवारीच्या निम्मा ठरवणारा माणूस एकत्र कुटुंबात वाढलेला नसावा.

पण मला अडवलं ते त्या ‘निम्म्या’नं. प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, की ज्याला काहीही बोललेलं चालतं. आमच्याकडे ती थोरली वहिनी. तिच्या रंगावरून, तिच्या माहेरावरून, तिच्या आमटीवरून लग्नकार्यात सगळे यथेच्छ बोलून घेतात, वर म्हणतात, “तिला काही वाटत नाही हो!” ती हसते. म्हणजे पुरावाही मिळतो.

आता खेळाचा नियम लावा. वहिनीला प्रतिकार आहे, अभय नाही. चारचा टोमणा दोनचा लागतो. पण धाकटीला कुणी वर्षातून एकदा बोलतं आणि हिला रोज दहादा. बेरीज कुणाची जास्त? शिवाय बोलणाऱ्याचा फासा दोघींसाठी सारखाच पडला होता. मग दोष फाशावर मोजायचा की कातडीवर? “तिला लागलं नाही” हा बोलणाऱ्याचा बचाव कसा होतो, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. आणि सोसणाऱ्याला निम्म्याची सवलत मिळते, ती तिनंच कमावलेली. वापरतात मात्र बाकीचे.

खेळात निदान शत्रूवर उजवी कळ दाबली की त्याला काय किती लागतं याची यादी पडद्यावर येते. मी नातवाला सहज विचारलं, “तुझ्या आजीच्या यादीत काय निघेल रे?”

त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. “तुमच्या विनोदांना प्रतिकार, आजोबा. अभय नाही.”