सुरुवात कोऱ्या पाटीवर होते का?

बाबा गेले त्या वर्षी मी बायबलमधलं ‘उत्पत्ती’ उघडलं. नव्याने सुरुवात कशी होते, ते मला पाहायचं होतं. आधी काहीच नव्हतं, मग देवाने जग केलं, असंच मी ऐकत आलो होतो. पण ‘बेरेशीत’ हा पहिलाच हिब्रू शब्द दोन तऱ्हांनी वाचतात: ‘सुरुवातीला’ किंवा ‘देव निर्मिती करू लागला तेव्हा’. ११व्या शतकातला फ्रान्सचा ज्यू भाष्यकार रशी दुसऱ्या बाजूचा. तसं वाचलं तर प्रकाशाआधीच अंधार आणि खोल पाणी तिथे आहे.

मग प्रश्न उरतो. अंधार देवाने केला नसेल, तर तो सर्वशक्तिमान कसा? केला असेल, तर दुःखाचा जाब कोणाला विचारायचा?

उत्तर मला सापडलेलं नाही. पण पुढे प्रकाश आल्यावरही अंधार नष्ट होत नाही. देव त्याला वेगळं करतो, ‘रात्र’ हे नाव देतो. चांगलं मात्र फक्त प्रकाशाला म्हणतो.

मी कोऱ्या पाटीची वाट पाहत होतो. आता वाटतं, दुःखाला चांगलं म्हणायची गरज नाही. त्याला नाव द्यावं, त्याची हद्द आखावी. त्या कथेतल्या पहिल्या दिवसाचा हिशेबही आधी संध्याकाळ, मग सकाळ असाच आहे.