बरं होणं म्हणजे नेमकं काय मागायचं?



आजचं वाचन गीतेच्या अठराव्या अध्यायातलं, श्लोक १३ ते १६. दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक चहाच्या मगवर असतो, स्टेटसला असतो. हे चार बिचारे कुठेच नसतात. पण गेल्या सहा वर्षांत मला सगळ्यात जास्त सावरलं ते ह्यांनीच.

मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे. कणा कंबरेला जिथे जोडला जातो, त्या सांध्यांपासून सूज सुरू होते आणि ती वर चढू शकते. बहुतेकांना तरुणपणीच होतो. गंमत म्हणजे आराम केला की दुखणं वाढतं आणि चाललं की कमी होतं, त्यामुळे पहाटे तीनला जाग येते आणि मग हॉलमध्ये येरझाऱ्या. आयटीतला माणूस म्हणून सगळ्यांनी आधी खुर्चीलाच दोष दिला. मी दोन खुर्च्या बदलल्या, एक गादी बदलली. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा खरं नाव कळलं.

पहिल्याच भेटीत मी विचारलं, "डॉक्टर, किती दिवसांत बरा होईन?" मला रिलीजची तारीख हवी होती. त्यांनी उलट विचारलं, "सकाळी अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो?"

"दीड तास."

"तो आधी अर्ध्या तासावर आणू. तीन महिन्यांनी बघू किती जमलं ते. आजार मुळासकट जाईल असं मी म्हणणार नाही."

बाहेर आल्यावर आईला म्हणालो, "ह्यांनाच कॉन्फिडन्स नाही, मला काय देणार?"

मग जो कॉन्फिडन्सने बोलेल तो शोधणं सुरू झालं आणि असा माणूस मिळतोच. 'नव्वद दिवसांत मुळापासून', फक्त आधीच्या गोळ्या बंद करायच्या. मी केल्या. जोडीला बाप्पाला एकवीस संकष्ट्या बोललो. पहिला महिना खरंच छान गेला. हा आजार आपणहून कमी-जास्त होत असतो आणि बरं वाटत असताना आपण जे घेत असतो त्याला श्रेय जातं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. चौथ्या महिन्यात डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कंबर दुखते का?" डोळ्याच्या आतली ती सूज ह्याच आजाराची सोबतीण. वेळेत थेंब सुरू झाले म्हणून नजर वाचली.

पाचव्या संकष्टीला मी काळा चष्मा लावून चंद्रोदयाची वाट बघत गॅलरीत बसलो होतो. आणि बाप्पावर भयंकर चिडलो होतो. माझ्या बाजूचं सगळं मी केलं होतं. उपास, अथर्वशीर्ष, पथ्य. तुझ्या बाजूचं कुठाय? त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की मी नवस बोललोच नव्हतो. मी देवाबरोबर ॲग्रीमेंट केलं होतं, आणि डेडलाइन चुकली म्हणून आता एस्कलेट करत होतो.

आता आजच्या श्लोकांकडे येऊ. भगवंत सांगतात, कुठलंही कर्म तडीस जायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, साधनं, नाना प्रकारचे प्रयत्न, आणि पाचवं दैव. पुढे म्हणतात, ह्यात फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसतच नाही.

हे उपचारांना लावून बघा. शरीर माझं, त्याच्या जडणघडणीसकट. कर्ता मी. साधनं म्हणजे औषध, तपासण्या, डॉक्टरांचं ज्ञान. प्रयत्न म्हणजे रोजचा व्यायाम, वेळेवर गोळी. आणि दैव? ह्या आजाराशी जोडलेला एचएलए-बी२७ हा जनुकीय घटक ज्यांच्यात असतो, त्यातल्या बहुतेकांना आजार कधी होतच नाही. मला झाला. का, ह्याचं उत्तर माझ्या कुठल्याच लॉगमध्ये नाही.

पाचातलं एकच धरून मी पाचांचं फळ मागत होतो. कधी एका औषधाकडून, कधी एका माणसाकडून, कधी एका व्रताकडून.

इथे एक प्रश्न येतो, आणि तो प्रामाणिक आहे. माझी मावशी म्हणते, "पूर्ण बरा होणार असं मनापासून मानलंच नाहीस, तर ती श्रद्धा कसली?" मी ह्यावर खूप विचार केलाय. मला वाटतं, ह्या म्हणण्यात नकळत एक क्रूरपणा आहे. श्रद्धेने आजार जातोच, असं धरलं तर ज्याचा गेला नाही त्याची श्रद्धा खोटी ठरते. आधीच दुखतंय, त्यात वर अपराधीपणा! वारीत गुडघे धरून चालणाऱ्या आज्जीची भक्ती कमी आहे, असं म्हणायची हिंमत आहे का आपली?

पण दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मी तिकडेही घसरलो. पुन्हा उपचार सुरू केल्यावर मी 'स्वीकार' शिकलो आणि तो जरा जास्तच शिकलो. अंग मोकळं व्हायला तासभर लागत होता, तरी डॉक्टरांना म्हणालो, "चालतंय, मी ॲक्सेप्ट केलंय." ते म्हणाले, "आजार स्वीकार. टाळता येणारं दुखणं कशाला स्वीकारतोस? अजून उपाय शिल्लक आहेत." मग क्षयाची तपासणी करून बायोलॉजिकची इंजेक्शनं सुरू झाली. म्हणजे वास्तव अपेक्षा ही कमी अपेक्षा नव्हे. जे शक्य नाही ते मागू नये, तसं जे शक्य आहे ते सोडूही नये. चौथं कारण प्रयत्न आहे. ते पाचव्याच्या, दैवाच्या नावावर टाकणं हाही आळसच.

आयुर्वेदात ह्यासाठी सुंदर शब्द आहे: याप्य. चरकसंहितेत असाध्य आजारांचाच हा एक प्रकार मानलाय. जो आजार जात नाही, पण उपचार-पथ्य सुरू आहे तोवर आवरून राहतो, तो याप्य. पडू पाहणाऱ्या घराला टेकू द्यावा, तसं. टेकू काढायचा नाही, आणि टेकू आहे म्हणून घराला रडायचंही नाही. त्यात राहायचं.

आता नवा उपचार सुरू करताना मी तीन गोष्टी विचारतो. ह्याने जास्तीत जास्त काय होईल? किती दिवसांनी कळेल? त्रास काय होऊ शकतो? ज्याला फक्त पहिल्याच प्रश्नाचं उत्तर येतं, त्याला नमस्कार करून उठतो.

आज सकाळी अंग मोकळं व्हायला वीस मिनिटं लागली. आजार आहेच. एकवीस संकष्ट्या मात्र मी पूर्ण केल्या, पण मागणं बदललं: "बाप्पा, माझ्या वाट्याचं नीट करून घे, आणि बाकीचं तुझ्याकडे राहिलं तर माझी तक्रार नको."

तुमच्या घरीही कुणी असं लांबचं दुखणं घेऊन बसलं असेल. आज त्यांना "बरं झालं का?" असं विचारू नका. "आजची सकाळ कशी गेली?" एवढंच विचारा.

राम कृष्ण हरी. उद्या श्लोक १७.