लांबी कोठून मोजायची?

एका माणसाला दुसऱ्या माणसाच्या मापाने मोजावे काय, हा प्रश्न जुनाच आहे. मला मात्र तो नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या कारखान्यांत जितका स्वच्छ दिसतो तितका पोथ्यांत दिसत नाही.

तेथील सीएनसी मिलिंग यंत्रावर वीस-चोवीस हत्यारे एकदम लावून ठेवलेली असतात. कोणी जाडजूड फेस मिल, कोणी लांबट ड्रिल. प्रत्येकाची लांबी निराळी. यंत्राला डोळे नाहीत. कोणते हत्यार स्पिंडलखाली किती लोंबते आहे हे त्याला आकड्यात सांगावे लागते. हाच टूल लेंग्थ ऑफसेट. सेटर चक्र फिरवीत हत्यार हळूहळू खाली आणतो, त्याच्या टोकाखाली कागदाचा कपटा मागेपुढे सरकवीत राहतो, आणि कपटा अडखळला की थांबतो. मिळालेला आकडा त्या हत्याराच्या क्रमांकापुढे नोंदला जातो. रात्रपाळीचा ऑपरेटर त्याच्यावर विसंबून बटण दाबतो. आकडा दहा मिलिमीटरने चुकला, तर हत्यार भरवेगाने जॉबमध्ये घुसते आणि मोडते. कधी स्पिंडलही दुखावतो.

हा आकडा घेण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत एका हत्याराला ‘मास्टर’ ठरवतात. त्याची लांबी शून्य. बाकीची त्याच्याहून किती लांब, किती आखूड, एवढेच नोंदवायचे. रीत सोपी आहे, आणि कामही चालते. परंतु मास्टरही लोखंड कापतो, झिजतो, मोडतो. त्याच्या जागी निराळ्या लांबीचा दुसरा बसवून जॉबचे शून्य पुन्हा घेतले, की बाकीच्यांचे आकडे खोटे पडतात. आणि त्यांच्यात तर तिळभर बदल झालेला नसतो! (काही शहाणे लोक मास्टरला कामालाच लावत नाहीत, कपाटात जपून ठेवतात. असे मास्टर कारखान्याबाहेरही आढळतात.) दुसऱ्या रीतीत प्रत्येकाची लांबी स्पिंडलच्या तोंडापासून मोजतात. तेथे कोणी कोणाचा मास्टर नाही.

आपल्या घरांतून पहिलीच रीत चालते. थोरला इंजिनियर झाला की तो शून्य, आणि धाकटा ‘वजा’. दिवाळीच्या फराळाला सगळे जमले की ही वजाबाकी ताटाभोवती पुन्हा मांडली जाते. पुढे थोरला परदेशी जातो, वर्षवर्ष घरी येत नाही, आणि तोच धाकटा एकाएकी श्रावणबाळ ठरतो. बिचारा धाकटा होता तेवढाच असतो. मला यात अन्याय वाटतो तो निंदेचा नव्हे. त्या स्तुतीचाही तितकाच.

वाचक विचारतील, माणसांना स्पिंडलचे तोंड कोठून आणायचे? पुराच्या बाबतीत नाशिककरांनी ते शोधले आहे. गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, एवढे सांगितले की गावाला पूर कळतो. गेल्या वर्षीचा पूर मध्ये आणावा लागत नाही. माणसाच्या बाबतीतही, घेतलेले काम त्याने पुरे केले की नाही, दिलेला शब्द पाळला की नाही, हे विचारायला शेजारचा माणूस लागत नाही.

मात्र स्थिर माप म्हणजे खरे माप, असेही नव्हे. 1990 साली अंतराळात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा विलक्षण काटेकोरपणे घासलेला होता, पण चुकीच्या आकारात. कारण तो तपासणाऱ्या उपकरणातले एक भिंग सुमारे 1.3 मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. साध्या चाचण्यांत दोष दिसलाही होता. त्या कमी प्रतीच्या म्हणून त्यांचे कोणी ऐकले नाही. अखेर 1993 साली अंतराळवीरांना वर जाऊन इलाज करावा लागला.

माझ्या परिचयाचा एक सेटर म्हणूनच नवे हत्यार लावल्यावर पहिली फेरी जॉबच्या वर, हवेतच चालवतो. बोट लाल बटणावर ठेवून. पाळी बदलताना नोंदवही पुढच्या पोराच्या हाती देतो आणि तिच्यावर कागदाचा कपटाही ठेवतो.