सकाळी मांजराचे कान

पाळी बदलताना आमच्या गल्लीतले माग थोडा वेळ थांबतात. कबनूरमध्ये एवढी शांतता दिवसातून क्वचितच मिळते. मांजराचे कान बघायला मला हीच वेळ बरी वाटते. माग सुरू असताना ते मांडीवर येतं, पण कान मागे पाडून बसतं आणि त्यांना हात लावू देत नाही.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे तो आवाज कबनूरसारख्या शेजारच्या गावांतही शिरला. आता इथल्या पोरांना खटखटाटातच गाढ झोप लागते. मांजरंही त्यातच वाढतात, पण त्यांना काय काय ऐकू येत असेल या विचाराने जीव दडपतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतो, मांजराचा सुमारे ८५ किलोहर्ट्झपर्यंत. उंदरांचं जे बारीक चींचीं आपल्यापर्यंत पोहोचतच नाही, ते त्याला भिंतीपलीकडून कळतं. कारखान्यात मांजर राखतात ते या कानांच्या भरवशावरच. रात्रीत उंदराने मागाच्या बीमवरचं सूत कुरतडलं की तुटलेला एकेक धागा गाठ मारून जोडत बसावं लागतं. मांजर असलं की ती वेळ सहसा येत नाही.

एवढं काम करणाऱ्या जनावराबद्दल आपण म्हणतो काय, तर ‘मांजराचं काय, ते आपलं आपण बघून घेतं.’ बऱ्याच अंशी ते खरं आहे. पाठ, पोट, शेपटी, पायाची बोटं, सगळं ते चाटून लख्ख ठेवतं. पण कानाच्या आत त्याची जीभ पोहोचत नाही. पंजा ओला करून ते कान पुसतं, तोही बाहेरून. आतलं दुसऱ्या कुणीतरी बघायचं असतं, आणि घरात ते दुसरं कुणीतरी म्हणजे आपण. दुखणं लपवण्याचा त्याचा स्वभाव. कान ठणकत असला तरी ते जेवतं, उंदीर धरतं, उन्हात पडून राहतं. म्हणून ते सांगेल याची वाट न बघता आपणच बघायचं.

बघायचं म्हणजे फार काही नाही. कानाची पाळी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हलकेच धरायची, मागे वळवायची आणि आत उजेड पडू द्यायचा. निरोगी कान आतून फिकट गुलाबी असतो, त्याला वास नसतो, जरासा पिवळसर मळ चालतो. पाळीच्या बाहेरच्या कडेला खाली कातडीची एक छोटी घडी असते, तिच्यात घाण साचते. तीही उलगडून बघावी. आत चहाच्या पुडीसारखा काळपट, कोरडा चुरा दिसला, मांजर सारखं डोकं झटकत असलं आणि मागच्या पायाने कान खाजवत असलं, तर बहुधा ते इअर माइटचं काम असतं. हा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किडा. तो चुरा काळ्या कापडावर झटकून भिंगातून पाहिला तर पांढरे ठिपके हलताना दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आपल्या मांजराच्या कानात रात्रंदिवस एवढं चालू होतं!

अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. त्यामुळे कान दोन दिवसांत बरा दिसला तरी औषध मध्येच सोडायचं नाही. एका मांजराला लागण झाली की घरातल्या सगळ्या मांजरांचे आणि कुत्र्याचेही कान तपासायचे. आजकाल मानेवर मागच्या बाजूला सोडायचे थेंब मिळतात, पण ते मांजराचेच आणि त्याच्या वजनाप्रमाणे हवेत. कुत्र्यांच्या गोचिडीवरच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं.

आमच्याकडे कान म्हटलं की शेजारच्या आक्कांचा सल्ला ठरलेला, “दोन थेंब लसणीचं त्याल सोड की.” त्यांची माया खरी आहे. त्यांनी पोरांचे कान असेच बरे केलेत. पण लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक असते, आणि कानातून ओघळलेलं तेल ते अखेर चाटतंच. शिवाय आतला पडदा फाटलेला असेल तर कुठलेही थेंब अपाय करू शकतात. मांजराच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. काडीला कापूस लावून कोरायला गेलं की मळ त्या वळणापलीकडे ढकलला जातो. दिसतं तेवढंच बोटाला कापूस गुंडाळून पुसावं, बाकी डॉक्टरांवर सोडावं. काळा मळ दर वेळी किड्याचाच असतो असंही नाही. बुरशीचाही असतो, जंतूंचाही असतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ते नक्की कळत नाही. मांजर डोकं एका बाजूला कलतं धरून झोकांड्या खायला लागलं तर मात्र त्याच दिवशी निघावं. झटकून झटकून पाळी रक्ताने टम्म फुगली तरीही तसंच.

पांढऱ्या मांजरांची मला वेगळी काळजी वाटते. कारखान्याच्या पत्र्यावर एप्रिल-मेच्या उन्हात ती तासन्‌तास पडून असतात. कानाच्या टोकाला रंगही नसतो आणि दाट केसही नसतात. तिथे न भरणारी खपली दिसली तर ती कर्करोगाची सुरुवात असू शकते.

मागवाल्यांच्या घरात कानाइतकंच तोंडाकडेही लक्ष हवं. कांडीवरून सुटलेलं सूत हे मांजराचं खेळणं. ते गिळलं, आणि एक टोक जिभेखाली अडकलं, की आतडी त्या धाग्यावर चुणल्यासारखी गोळा होतात. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये, तसंच दवाखान्यात न्यावं. आणि गोकुळ दूध संघाच्या जिल्ह्यात हे सांगणं जरा जड जातं, पण वाढलेल्या मांजराला दूध बहुधा पचत नाही. दूधभातावर त्याचं भागत नाही, त्याला मांस-मासळीच लागते. त्यातलं टॉरिन मिळालं नाही तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात.

पशुवैद्यकीय दवाखान्यात म्हशी आणि शेळ्या घेऊन आलेल्या माणसांत मांजराची टोपली घेऊन उभं राहायला अनेकांना संकोच वाटतो. म्हशीला किंमत असते, मांजर तर फुकट मिळतं, असा हिशेब मनात असतो. तो मला पटत नाही. टोपलीत त्याच्या रोजच्या झोपण्याचं फडकं घालावं, वर कापड झाकावं, म्हणजे वाटेत ते बिथरत नाही. आणि आपली पाळी आली की डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, दोन्ही कान आतून बघा.