काळा दगड, पिवळा दगड

जर्मनीतलं ड्रेस्डेन पायीच बघावं. नॉयमार्क्टच्या चौकातून फ्राउएनकिर्श या चर्चकडे पाहिलं, की फिकट पिवळ्या भिंतींवर मधूनमधून काळे चौकोन दिसतात. लांबून ते डागच वाटतात. जवळ गेल्यावर झिजलेल्या कडा आणि उडालेले टवके दिसतात, आणि हे जुन्या चर्चचे दगड आहेत हे कळतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले. सुमारे २५,००० माणसं मेली. आगीत तापलेलं हे चर्च १५ तारखेला सकाळी कोसळलं. जवळजवळ अर्धं शतक तो ढिगारा तसाच पडून होता. मग एकेक दगड उचलून, मोजून, नोंदून, जमेल तिथे मूळ जागी बसवला गेला. २००५ साली चर्च पुन्हा उभं राहिलं. घुमटावरचा सोनेरी क्रॉस लंडनच्या एका सोनाराने घडवला. त्याचे वडील त्या हल्ल्यातल्या एका विमानाचे वैमानिक होते.

जुन्या-नव्यातला फरक झाकला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. एल्बे नदीकाठचा हा वालुकाश्म हवेने आपोआप काळवंडतो, त्यामुळे हा फरक पुढच्या पिढ्यांना इतका ठळक दिसणार नाही.

इथून बरेच प्रवासी ऑपेराकडे वळतात. तुम्ही नदीकाठच्या ब्र्यूल गच्चीवरून उलट दिशेला, पूर्वेकडे चाला. दहाएक मिनिटांत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, लागतं. ज्या गोटफ्रीड झेम्परच्या नावाने ते ऑपेरागृह ओळखलं जातं, त्यानेच इथलं जुनं सिनेगॉग बांधलं होतं. ते १८४० मध्ये खुलं झालं आणि ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींनी ते जाळलं. बॉम्ब पडायला तेव्हा सहा वर्षांहून अधिक अवकाश होता.

युद्धानंतर ऑपेरा आणि चर्च पूर्वीसारखे उभारले, सिनेगॉग मात्र नाही. २००१ सालच्या या इमारतीच्या भिंती उघड्याबोडक्या आहेत. काँक्रीटच्या ठोकळ्यांचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित वळवलेला आहे, इतका की माथ्याशी पोचेपर्यंत भिंतीचं तोंड पूर्वेकडे होतं. दारावर जुन्या सिनेगॉगचा डाविडचा तारा आहे. आल्फ्रेड नॉयगेबाउअर नावाच्या अग्निशामक जवानाने तो नाझी काळात लपवून जपला होता.

चर्चपाशी डोळे भरून येतात, यायलाच हवेत. पण १९३८ वगळून सांगितलेलं १९४५ चं दुःख अपुरं आहे. ड्रेस्डेनला गेलात तर चर्च बघून परत फिरू नका, सिनेगॉगच्या दारापर्यंत चालत जा.