न दिसणे आणि नसणे

जोयड्याच्या रानातील एखाद्या वाडीवर हिवाळ्याच्या रात्री दिवे मालवले, म्हणजे मृग नक्षत्राच्या पायथ्याशी शशक हा लहानसा तारकासमूह ओळखता येतो. त्यातच ग्लीझ २२९ हा तांबडा तारा आहे. परंतु नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. ‘दिसत नाही, म्हणून नाही’ असे म्हणण्याचा अधिकार माणसास केव्हा पोचतो?

भाट्ट मीमांसकांनी व अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. मात्र त्यास योग्यतेची अट घातली. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही, तर घट नाही; अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

तपकिरी बटूंच्या शोधास हीच कसोटी लागू पडते. गुरूच्या सुमारे ७५ पटींहून कमी वस्तुमानाचा वायुगोल ताऱ्याप्रमाणे हायड्रोजन जाळीत राहू शकत नाही. तो निवत, मंदावत जातो. शिव कुमार यांनी १९६३ साली असे गोल असावेत हे गणिताने दाखविले. पण तीस वर्षे निर्विवाद असा एकही हाती लागला नाही. पुढे पालोमार वेधशाळेत ताऱ्याचे तेज तबकडीने झाकून शोध घेतला, तेव्हा १९ प्रकाशवर्षांवरील ग्लीझ २२९ जवळ एक अंधुक सोबती आढळला. ताऱ्याच्या उष्णतेत न टिकणारा मिथेन वायू त्यात सापडला. १९९५ साली हा शोध जाहीर करणाऱ्यांत कुरुंदवाडास जन्मलेले व हुबळीस शिकलेले श्रीनिवास कुलकर्णी होते.

गोष्ट येथे संपली नाही. पुढे त्या सोबत्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे ७१ पट भरले. इतक्या जड गोलाने याहून अधिक उजळ असावयास हवे होते. २०२४ साली उलगडा झाला: तो एक नसून, बारा दिवसांत परस्परांभोवती फिरणारे दोन आहेत.

यावरून न दिसणारे सर्वच मानावे, असे मात्र ठरत नाही. तसे मानले तर प्रत्येक भ्रम सत्य होईल. योग्य साधनाने, योग्य जागी शोधूनही जे सापडत नाही, ते नाही असे म्हणणे हा विवेकच होय. पण अमुक गृहस्थ पालखीस आला नाही, म्हणून त्याच्या ठायी भक्ती नाही, असा निवाडा आपण देवळाच्या ओसरीवर सहज देतो. त्याचे अंतःकरण दिसेल असा कोणता दिवा आपल्या हाती होता? तो नसेल, तर आपल्याला ठाऊक झाला तो केवळ आपल्याकडील अंधार.